मिडल स्कूलमध्ये नव्याने आलेली मुलं: इंग्रजी येईपर्यंत शिकवणं थांबवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये सातवीला गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात वर्षाच्या मध्यावर चार नवी मुलं दाखल झाली आहेत. दोन मुलगे ग्वाटेमालाहून, एक मुलगी अफगाणिस्तानातून आणि एक मुलगा हैतीहून आलाय. इंग्रजी कोणालाच येत नाही. ईएसएलच्या, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणाऱ्या बाई रोज एक तास त्यांना घेतात. उरलेला दिवस ही मुलं मागच्या बाकांवर टॅबलेटवर शब्दांचे खेळ खेळत बसतात. सगळे सांगतात, थोडं इंग्रजी आलं की मुख्य अभ्यासात घ्या. तोवर वर्गशिक्षकाने काय करायचं?

त्या खेळांना दिवसातली दहा मिनिटं ठेवा आणि बाकीचा वेळ या मुलांना सातवीचंच गणित, सातवीचंच विज्ञान द्या. भाषेला आधार द्या, पण विषय खाली आणू नका. पुढचं सगळं उत्तर हे कसं जमवायचं याबद्दल आहे.

थांबू नका असं म्हणण्याचं कारण साधं आहे. रोजच्या बोलण्याचं इंग्रजी आणि पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी यांत फरक करायला हवा, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलं. गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते. वर्गातल्या अभ्यासाची भाषा वयाच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. सातवीच्या मध्यावर आलेल्या मुलाकडे मिडल स्कूलचं दीड वर्ष आहे आणि बारावीपर्यंत साडेपाच. आधी भाषा, मग विषय असा क्रम लावला तर विषयाची पाळी येईपर्यंत शाळा संपलेली असते. शिवाय अभ्यासाची भाषा अभ्यास करतानाच येते. फळं आणि रंगांची नावं पाठ करून ‘घनता’ समजावून सांगता येत नाही.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या, कारण कधीतरी ऑफिसशी बोलताना लागते. प्लायलर विरुद्ध डो या 1982 च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की इमिग्रेशनची कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही राज्य मोफत शालेय शिक्षण नाकारू शकत नाही. त्याआधी 1974 मध्ये लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी भाषक मुलांबद्दल तेच कोर्ट म्हणालं होतं की इंग्रजी न येणाऱ्या मुलांना बाकीच्यांसारखीच पुस्तकं, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. म्हणजे तुम्ही आधार मागता तेव्हा मेहेरबानी मागत नसता.

चौघांचा स्तर एक, पण मुलं चार

दाखल होताना पालकांकडून घरच्या भाषेचा फॉर्म भरून घेतला जातो. त्यावरून गरज दिसली तर इंग्रजीची स्क्रीनर चाचणी होते. अनेक राज्यांत ती विडा या राज्यांच्या संघाने बनवलेली असते. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क यांच्या स्वतःच्या परीक्षा आहेत. मुलाला इंग्रजीच्या खास कार्यक्रमात घातल्याची लेखी सूचना पालकांना वर्षाच्या सुरुवातीला तीस दिवसांत द्यावी लागते, आणि मूल वर्षाच्या मध्यावर आलं तर दोन आठवड्यांत. तुमच्या चौघांनाही बहुधा स्तर एक, म्हणजे सगळ्यांत खालचा, मिळाला असेल. त्या आकड्यावरून फक्त त्यांना इंग्रजी येत नाही एवढंच कळतं. तुम्हाला आणखी तीन गोष्टी हव्यात: किती वर्षं आणि कोणत्या भाषेत शाळा झाली, स्वतःच्या भाषेत वाचता-लिहिता येतं का, आणि गणित कुठपर्यंत आलंय.

ग्वाटेमालाच्या मुलांची फाइल आधी उघडा. तिथे ‘स्पॅनिश’ लिहिलेलं असेल तर ते तपासून घ्या. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या कित्येक घरांत माम, किचे, कान्होबाल अशा माया भाषा बोलतात आणि स्पॅनिश ही शाळेत भेटलेली दुसरी भाषा असते, कधी तीही अर्धवट. मूल स्पॅनिश कागदाकडे बघून मान हलवतं आणि आपण धरून चालतो की समजलं. तोंडी विचारा: आजीशी कोणत्या भाषेत बोलतोस? उत्तर माम आलं तर मामचं लिखित भाषांतर मागवूनही फारसा उपयोग नाही, कारण ती भाषा वाचायला बहुतेकांना कधी शिकवलेलीच नसते. तिथे ध्वनिमुद्रण किंवा फोनवरचा दुभाषी लागतो.

अफगाण मुलीच्या बाबतीत दारी की पश्तो ते विचारा. 2021 पासून तालिबानने मुलींना सहावीनंतरची शाळा बंद केली आहे, त्यामुळे तिचं शिक्षण कुठे थांबलं आणि मधली वर्षं कशी गेली हे कुटुंबाकडून समजून घ्यायला हवं. तिची जन्मतारीख 1 जानेवारी लिहिलेली असेल तर तीही जपून वापरा. निर्वासितांच्या कागदांवर नेमकी तारीख माहीत नसली की हीच घातली जाते, त्यात अफगाण सौर पंचांगातून तारीख बदलताना घोळ होतात. वयाचा अंदाज चुकला तर इयत्ताही चुकते.

हैतीच्या मुलाच्या घरी क्रिओल असणार, पण शाळेची पुस्तकं बरीचशी फ्रेंच. त्याला क्रिओल ऐकून समजेल आणि वाचायला कदाचित फ्रेंच सोपी जाईल, किंवा दोन्ही अर्धवट असतील. कागद छापायच्या आधी दोन्ही भाषांतला एकेक परिच्छेद समोर ठेवा आणि तो कोणता उचलतो ते बघा.

लेखनाचा नमुना घ्यायला पंधरा मिनिटं पुरतात. कोरा कागद द्या, त्याच्या भाषेत लिहायला सांगा, विषय ठेवा ‘मला करता येणारी एखादी गोष्ट, पायऱ्यांनिशी’. तुम्हाला ती लिपी वाचता आली नाही तरी बरंच दिसतं: हात न थांबता लिहितो की अक्षर अक्षर काढतो, वाक्य कुठे संपतं हे चिन्हांनी दाखवतो का, पंधरा मिनिटांत दोन ओळी की एक पान. पुढे भाषा जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. ‘मी अमेरिकेत कसा आलो’ हा विषय मात्र कधीच देऊ नका. ज्याने तो प्रवास केलाय त्याला तो तुमच्या वर्गात, अनोळखी माणसांसमोर पुन्हा करायला लावणं क्रूर आहे. शिवाय त्यातून तुमच्या फाइलमध्ये अशी माहिती येते जी तिथे असायलाच नको. मुलाचा किंवा पालकांचा इमिग्रेशनचा दर्जा विचारू नका, आणि कानावर आला तरी ईमेलमध्ये, नोंदीत कुठेही लिहू नका.

गणितासाठी शब्द नसलेली बारा-पंधरा उदाहरणं चढत्या क्रमाने मांडा: हातच्याची बेरीज, तीन अंकी गुणाकार, दोन अंकी संख्येने भागाकार, असमान छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज, दशांशाचा गुणाकार, ऋण संख्या, शेवटी 3क्ष + 5 = 20 सारखं समीकरण. जिथे पेन्सिल थांबते तिथून तुमचं काम सुरू. चौघांपैकी एखादा शेवटपर्यंत जाईल आणि वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा पुढे असेल. त्याला टॅबलेटवर सफरचंद ओळखायला लावणं किती चुकीचं होतं हे त्या एका कागदावर दिसतं.

तपासताना एक सांभाळा. पद्धत वेगळी म्हणजे उत्तर चूक नाही. हैतीसारख्या फ्रेंच वळणाच्या शाळांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम असतो, आणि भागाकारात भाजक उजवीकडे, उभ्या रेघेपलीकडे लिहितात. लॅटिन अमेरिकेतल्या पुष्कळ शाळांत भागाकारातली वजाबाकी मनात करून कागदावर फक्त बाकी लिहायला शिकवतात. पायऱ्या दिसत नाहीत म्हणून अशा मुलांवर नक्कल केल्याचा संशय घेतला जातो, आणि तो आरोप समजून घेण्याइतकंही इंग्रजी त्यांच्याजवळ नसतं. दारी-पश्तोच्या अंकांत शून्य टिंबासारखं असतं, त्यामुळे सुरुवातीला दशांश बिंदू आणि शून्य यांची गल्लत होऊ शकते. पुढे अरबी भाषक मूल आलं तर लक्षात ठेवा की त्यांचा पाच वर्तुळासारखा, म्हणजे आपल्या नजरेला शून्यासारखा दिसतो. एका पानाचा तक्ता करून ‘तुझ्याकडे असं, इथे असं’ दाखवलं की आठवड्याभरात हा गोंधळ मिटतो. त्याची पद्धत मोडून काढण्याची गरज नाही. उत्तर इथल्या चिन्हांत लिहिलं की झालं.

शाळा चालते कशी, हेही शिकवावं लागतं

एका वर्गात दिवसभर बसणाऱ्या मुलाला सहा-सात शिक्षक, दोन तासांमध्ये वर्ग बदलायला मिळणारी तीन-चार मिनिटं, एक दिवसाआड बदलणारं वेळापत्रक, हॉल पास म्हणजे तासाला बाहेर जायची परवानगीची चिठ्ठी, जिमचे वेगळे कपडे हे सगळं एकदम अंगावर येतं. उशिरा येणं, पासशिवाय बाहेर जाणं यावरून पहिल्याच आठवड्यात शिक्षेच्या चिठ्ठ्या जमतात. काउन्सेलरला सांगून पहिले दोन आठवडे अशा चिठ्ठ्या थांबवून ठेवा.

लॉकरचं कुलूप हे याचं अगदी ठळक उदाहरण. आकड्यांच्या तबकडीचं कुलूप ज्याने कधी पाहिलं नाही त्याला तीन आकडे लिहून दिले तर ते उघडत नाही. उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे घेऊन पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे एक पूर्ण फेरा, पहिला आकडा एकदा ओलांडून पुढे दुसऱ्या आकड्यावर थांबायचं. मग उजवीकडे सरळ तिसऱ्या आकड्यावर. मधला ओलांडण्याचा फेराच मुलं चुकतात. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये, बघायला कोणी नसताना, लागोपाठ पाच वेळा उघडेपर्यंत सराव करून घ्या. नाहीतर मूल सगळी पुस्तकं पाठीवर घेऊन फिरतं आणि कोणाला सांगत नाही.

सोबतीला एकाऐवजी दोन मुलं द्या: एक त्याची भाषा बोलणारं, एक न बोलणारं. दोन-तीन आठवड्यांनी बदला. भाषा बोलणाऱ्या मुलाला वर्गभर दुभाषी करून टाकणं ही सगळ्यांत सोपी आणि सर्रास होणारी चूक आहे. त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो आणि नव्या मुलाला तुमच्याकडे बघायची गरजच उरत नाही. बाथरूमला जाऊ का, समजलं नाही, पुन्हा सांगा, बरं वाटत नाही, मदत हवी, एवढ्या पाच वाक्यांचं चित्रांसह कार्ड वहीच्या मुखपृष्ठाच्या आत चिकटवा. पहिल्या दिवशी त्याला बोलता आलं नाही तरी बोट ठेवता येतं.

नाव नीट म्हणा. मुलाकडूनच तीनदा ऐका, तुमच्या लिपीत उच्चारासारखं लिहून ठेवा. ग्वाटेमालाच्या मुलांना दोन आडनावं असतात; त्यातलं पहिलं वडिलांकडचं. संगणकात दुसऱ्या आडनावाखाली नोंद झाली की लसीकरणाचा कागद एका नावाने, जेवणाचा अर्ज दुसऱ्या नावाने आणि मूल दोन्हीकडे ‘सापडत नाही’.

लॉकडाउन ड्रिलची, म्हणजे शाळेत हल्लेखोर शिरला तर लपून बसण्याच्या सरावाची, आधी कल्पना द्या, आदल्या दिवशी, चित्रांनी आणि त्याच्या भाषेत: हा सराव आहे, खरं काही नाही, इतकी मिनिटं. युद्ध किंवा टोळ्यांचा गोळीबार पाहिलेल्या मुलासाठी दिवे बंद, दार लावलेलं, सगळे जमिनीवर गप्प, ही परिस्थिती सराव म्हणून कळत नाही. ड्रिलच्या वेळी त्याला ओळखीच्या मोठ्या माणसाजवळ बसवा.

एक तास जवळून

सातवीचं विज्ञान, विषय घनता. वेळ पंचेचाळीस मिनिटं. मास, व्हॉल्यूम, डेन्सिटी, फ्लोट, सिंक, लेस दॅन, ग्रेटर दॅन: हे सात शब्द निवडा, जास्त नकोत. पंचवीस शब्दांची यादी दिली की मूल ती सुंदर अक्षरात उतरवतं आणि काहीच शिकत नाही.

पहिली पाच मिनिटं चित्र आणि घरच्या भाषेतला शब्द यांची जोडी लावायची. ही तयारी आदल्या दिवशी ईएसएलच्या तासात झाली तर उत्तम; त्यासाठी तुमचे सात शब्द शुक्रवारीच त्या बाईंना पाठवा. पुढची दहा मिनिटं न बोलता प्रयोग. पाण्याने भरलेली पारदर्शक टाकी, एक वस्तू वर धरायची, सगळ्या वर्गाने अंगठा वर किंवा खाली करून अंदाज द्यायचा, मग सोडायची. यात नवं मूल इतरांइतकंच सहभागी असतं आणि त्याचा अंगठा तुम्हाला सांगतो की तो विचार करतोय.

मग चारचे गट. नव्या मुलाला तराजू आणि मोजपात्र द्या, म्हणजे मोजमाप त्याच्या हातात राहील. ‘तू बघ’ असं काम देऊ नका. लाकडी ठोकळा: 30 ग्रॅम, 50 घन सेंटिमीटर, घनता 0.6. पोलादी बोल्ट: 39 ग्रॅम; मोजपात्रातलं पाणी 50 मिलिलिटरवरून 55 वर गेलं, म्हणजे आकारमान 5, घनता 7.8. पाण्याची 1. तक्त्याच्या मथळ्यांवर दोन्ही भाषा, आकडे सगळ्यांचे एकच.

शेवटची पंधरा मिनिटं बोलण्याची आणि लिहिण्याची, आणि तुमचं भाषेचं काम खरं इथे आहे. फळ्यावर वाक्यांचे सांगाडे लिहा. पहिल्या स्तरासाठी: ‘द वुड फ्लोट्स’, फक्त वस्तूचं नाव बदलायचं. थोडं पुढे गेलेल्यासाठी: ‘द बोल्ट सिंक्स बिकॉज इट्स डेन्सिटी इज ग्रेटर दॅन वॉटर’. त्याहून पुढे: ‘आय प्रेडिक्ट दॅट’ ने सुरू होणारं, कारणासह. आधी जोडीत तोंडी, मग कागदावर. मुलाने कारण स्वतःच्या भाषेत लिहिलं आणि खाली एक इंग्रजी वाक्य लिहिलं, तर ते घ्या. विचार पूर्ण झालाय. आणि अवघड प्रश्न त्यांच्यापासून लपवू नका. पोलाद बुडतं तर पोलादी जहाज का तरंगतं, हे एका चित्राने विचारता येतं. उत्तर चित्रातच येऊ द्या. सोपी करायची ती भाषा, प्रश्न नाही.

बोलताना आवाज चढवू नका. वाक्य छोटं करा आणि वाक्यांमध्ये थांबा. म्हणाल ते फळ्यावर लिहा किंवा बोट ठेवा. प्रश्न विचारल्यावर आपण सहसा एखाद-दोन सेकंद थांबतो. यांना सात ते दहा सेकंद लागतात, कारण प्रश्न त्यांच्या भाषेत नेऊन उत्तर परत आणायचं असतं. ‘समजलं का?’ हा प्रश्न टाळा. त्याला सगळे हो म्हणतात. ‘दाखव’ म्हणा.

गणितातल्या शाब्दिक उदाहरणांना तीन वाचनं द्या. पहिल्या वाचनात आकडे झाकलेले: गोष्ट कशाबद्दल आहे? दुसऱ्यात: कोणत्या राशी आहेत, काय मोजलंय? तिसऱ्यात प्रश्न. चित्र प्रत्येक वाचनाला वाढत जातं. ‘टोटल दिसलं की बेरीज’ असे खुणेचे शब्द पाठ करून देऊ नका. ‘एकूण 40, त्यातले 12 मुलगे, मुली किती’ या उदाहरणात हाच शब्द मुलाला बरोबर फसवतो.

भाषांतराच्या ॲपबद्दल. सूचना, एखादं वाक्य, मुलाला तुम्हाला काही सांगायचं असेल तेव्हा: जरूर. संपूर्ण धडा कॅमेऱ्याखाली धरून वाचणं: नको, कारण मग इंग्रजी पान डोळ्यांखालून जातच नाही. आधी पान बघ, ओळखीचे शब्द आणि चित्रं यांवरून अंदाज कर, मग अडलेलं वाक्य तपास, असा नियम ठेवा. क्रिओल आणि पश्तोत ॲपच्या चुका स्पॅनिशपेक्षा जास्त होतात, म्हणून महत्त्वाचं काही असेल तर माणसाकडून पडताळून घ्या.

ज्याला कोणत्याच भाषेत वाचता येत नाही

चौघांपैकी एखाद्याचा लेखनाचा कागद कोराच आला, तर त्याची गरज वेगळी आहे. खंडित किंवा अपुरं शालेय शिक्षण झालेल्या मुलांसाठी इथे ‘स्लाइफ’ हे संक्षिप्त नाव वापरतात. ज्याला स्पॅनिश वाचता येतं तो इंग्रजी वाचनाकडे फक्त वळतो. याला वाचन म्हणजे काय इथून सुरुवात करायची आहे. रोज तीस ते चाळीस मिनिटं, दोन-तीन मुलांच्या गटात, आवाज आणि अक्षरांची जुळणी क्रमाने शिकवणारी शिकवणी लागते. आठवड्यातून दोनदा करून ते होत नाही. साहित्य मात्र बालवाडीचं नको. बारा-तेरा वर्षांच्या मुलासमोर बदकांची चित्रं ठेवली की तो अपमान गिळतो आणि पुस्तक मिटतो. फोटो असलेली, छोट्या वाक्यांची, त्याच्या वयाच्या विषयांची पुस्तकं मागवा. हा वेळ विज्ञान, कला किंवा जिममधून काढू नका, कारण तिथेच तो बरोबरीने काही करू शकतो. ऐच्छिक वाचनाच्या तासातून काढा. वर्गात त्याला विषय कानांनी आणि हातांनी द्या. वाचता येत नाही म्हणजे गुणोत्तर कळत नाही असं नाही.

गप्प बसणं, गुण आणि काळजीची वेळ

काही मुलं आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने बोलत नाहीत. बोट दाखवतात, वर्गीकरण करतात, चित्र काढतात, हो-नाही करतात. तेवढं चालू असेल तर शिकणं चालू आहे. सक्तीने उभं करून वाक्य म्हणायला लावू नका, पण बोलायची संधी जोडीत, रोज, ठेवा. दुपारी पाचव्या-सहाव्या तासाला डोकं दुखतं, मूल बाकावर डोकं टेकतं. सकाळपासून परक्या भाषेत ऐकत राहण्याचा तो थकवा आहे. दहा मिनिटं शांत, भाषेशिवायचं काम द्या, आणि पुढच्या सत्रात त्यांचा गणिताचा तास सकाळी बसतो का ते बघा.

लक्ष घालायची वेळ वेगळी: मूल स्वतःच्या भाषेतही, स्वतःच्या भावंडांशीही बोलत नाही, शब्द नसलेल्या कामातही महिनोन्‌महिने पुढे सरकत नाही, किंवा आई सांगते की तिकडेही त्याला असाच त्रास होता. आधी नजर आणि कान तपासून घ्या. मग विशेष शिक्षणाच्या तपासणीची मागणी करा. इथे शाळा दोन्ही बाजूंनी चुकतात. भाषा न येण्याला अपंगत्व ठरवता येत नाही, हे विशेष शिक्षणाच्या ‘आयडिया’ कायद्यातच आहे. पण ‘आधी इंग्रजी येऊ द्या, मग तपासू’ म्हणून वर्ष-दोन वर्षं ढकलणंही चूक आहे. तपासणी घरच्या भाषेत मागा.

गुणांचं सांगायचं तर दोन टोकं टाळा. गप्प आहे म्हणून एफ (नापास), किंवा बिचारा आहे म्हणून न शिकता ए. पहिल्या सत्रात उत्तीर्ण किंवा ‘गुण नाहीत’ अशी सोय आहे का ते डिस्ट्रिक्टला, म्हणजे तुमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या कार्यालयाला, विचारा. नंतर विषय आणि भाषा वेगळी तपासा: बोल्टची घनता 7.8 आली, तक्ता बरोबर, बाणांनी कारण दाखवलं, तर विज्ञानाचे पूर्ण गुण. चाचणीत दीडपट वेळ, शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक शब्दकोश, आणि प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणं एवढं द्या. वार्षिक परीक्षेत यांतलं काय चालतं हे राज्यानुसार बदलतं. जे चालतं त्याची सवय वर्गात आधीपासून लावा, शब्दकोश ऐन परीक्षेत पहिल्यांदा हातात दिला तर तो उघडायलाच वेळ जातो. बारा महिन्यांपेक्षा कमी काळ इथल्या शाळेत असलेल्या मुलांना इंग्रजी वाचनाच्या राज्य परीक्षेतून एकदा सूट देण्याची मुभा राज्यांना आहे, गणितातून नाही.

घर

पहिल्या दोन आठवड्यांत एक फोन करा, आणि तो तक्रारीचा नको. डिस्ट्रिक्टकडे फोनवरच्या दुभाष्याची सेवा असते, तिचा नंबर आणि कोड ऑफिसमधून घ्या. दुभाष्याशी न बोलता पालकांशी बोला: ‘तुमच्या मुलीने आज असं केलं’, ‘त्यांना सांगा की’ नको. दोन वाक्यांनंतर थांबा. मुलाला किंवा भावंडाला दुभाषी करू नका. शिस्तीचा विषय असेल तर मूल ते बदलून सांगतं, आणि आजाराचा असेल तर त्याच्यावर ते ओझं टाकणंच चूक आहे. पालकांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणं ही शाळेची जबाबदारी आहे, कुटुंबाची नाही.

विचारायच्या गोष्टी थोड्या: घरी कोण आहे, शाळेनंतर मुलाला कोणती कामं असतात, काय आवडतं. काही मुलं इथे येऊन कित्येक वर्षांनी आईला किंवा वडिलांना भेटलेली असतात. घरात नवी भावंडं असतात, आणि आनंदाच्या जोडीला राग आणि संकोचही असतो. वर्गातली चिडचिड तिथून येत असेल तर भाषेचे कितीही उपाय करून ती जाणार नाही, काउन्सेलर हवा. एकटं आलेलं मूल नातेवाइकाकडे राहत असेल तर इमिग्रेशन कोर्टाच्या तारखा असू शकतात. त्या दिवसांची गैरहजेरी चौकशी न करता माफ व्हावी, अशी व्यवस्था हजेरीच्या ऑफिसकडून आधीच लावून घ्या. दुसऱ्या कुटुंबाच्या घरात दाटीने राहणाऱ्या मुलांना बेघर विद्यार्थ्यांसाठीच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली बस आणि इतर मदत मिळू शकते. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये त्यासाठी नेमलेली व्यक्ती असते.

आणि घरी इंग्रजीच बोला, असं कधीही सांगू नका. आईला नीट न येणाऱ्या भाषेत आईने बोलायचं म्हणजे घरातलं बोलणंच आटतं. घरच्या भाषेत वाचा, हिशेब करा, वाद घाला. त्यातून पक्की झालेली समज इंग्रजीत येते.

भारतातून इंग्रजी माध्यमातून आलेलं मराठी मूल आधार हव्या असलेल्या मुलांच्या यादीत कधीच नसतं, पण असायला हवं. ते वाचतं, लिहितं, गणितात पुढे असतं, आणि गटचर्चेत महिनाभर तोंड उघडत नाही. इथल्या बोलण्याचा वेग आणि ‘तुझं मत काय’ हा प्रश्न दोन्ही त्याला नवे असतात. त्याला शब्दांपेक्षा चर्चेत शिरायची वाक्यं द्या: मी सहमत आहे कारण, मला वेगळं वाटतं कारण.

वेळापत्रक, आणि आठवीचा फॉर्म

शेवटी दोन गोष्टी, ज्या वर्गाबाहेर ठरतात पण वर्गातल्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतात. पहिली, चौघांना चार तुकड्यांत वाटू नका. एकाच तुकडीत असतील तर ईएसएलच्या बाई तुमच्या विज्ञानाच्या तासाला आत येऊन शिकवू शकतात. विखुरले तर त्या कुठेच पुरत नाहीत. फक्त नव्या मुलांचीच वेगळी तुकडी दिवसभर, वर्षानुवर्षं ठेवणं मात्र नको. वर्षभराच्या आत बहुतेक तास सर्वांबरोबर हवेत.

दुसरी, नववीच्या विषयांची निवड बऱ्याच शाळांत आठवीच्या हिवाळ्यात होते. फॉर्म इंग्रजीत येतो, घरी समजत नाही, आणि मूल आपोआप खालच्या गणितात टाकलं जातं. तिथून बारावीपर्यंत वरच्या गणिताला पोहोचायला वर्षं कमी पडतात. इंग्रजीची वार्षिक चाचणी विडाच्या राज्यांत बहुधा जानेवारीनंतर होते आणि निकाल वसंतात येतात, म्हणजे निवडीच्या वेळी हातात जुनाच स्तर असतो. म्हणून तुमचा तो शब्द नसलेल्या उदाहरणांचा कागद जपून ठेवा, जानेवारीत पुन्हा सोडवून घ्या, आणि दोन्ही कागद घेऊन काउन्सेलरकडे जा. ज्याचं समीकरण सुटतंय त्याला अल्जिब्रा मिळायला हवा, भाषेचा स्तर कितीही असो. कुटुंबाला दुभाष्यासह बोलावून तो फॉर्म समोर बसून भरून घ्या. मुलाचे मायदेशातले निकालपत्रक असेल तर त्याची प्रत त्याच दिवशी फाइलमध्ये लावा, हायस्कूलमध्ये ते मागतील.